आधी चढ, मग टॅन: सोलापुरातल्या एका आठवीच्या वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातली एक मराठी माध्यमाची शाळा. आठवीच्या तुकडीत ४४ मुलं-मुली. बऱ्याच घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड बोलली जाते, आणि यंत्रमागाशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. शाळेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत त्रिकोणमिती पहिल्यांदा नववीच्या गणित भाग २ मध्ये येते. पायथागोरसचा सिद्धांत सातवीत होऊन गेलेला असतो. आठवीत त्रिकोणांची एकरूपता (आकार आणि माप दोन्ही सारखं) असते, पण समरूपता (आकार तोच, माप लहान-मोठं) नसते. ‘चलन’ हा धडाही आठवीतच आहे: एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते, ते समचलन. हा धडा पुढे आडवा येणार होता, म्हणून त्याचा उल्लेख इथेच केलेला बरा.

नववीला शिकवणाऱ्या बाईंची तक्रार जुनीच होती. मुलं साइन, कोसाइन, टॅन ही काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची गुणोत्तरं घडाघडा म्हणतात, ३०, ४५, ६० अंशांचा तक्ता पाठ करतात, आणि त्रिकोण थोडा फिरवून काढला की गडबडतात. आठवीच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ तासिका या विषयाला द्यायची तयारी दाखवली. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण अट घातली की आठवीचा पोर्शन मागे पडता कामा नये आणि सगळं गड्ड्याच्या यात्रेआधी, म्हणजे संक्रांतीपूर्वी, आटपायचं. तासिका ३५ मिनिटांची.

अडचण

सुरुवातीला सरांनी आठवीला एक पान सोडवायला दिलं. पानावर तीन काटकोन त्रिकोण होते. तिन्हींचे कोन सारखेच, पण आकार लहान-मोठा आणि एक त्रिकोण फिरवून काढलेला. प्रश्न एकच: यातला कोणता चढ सर्वांत अवघड?

बहुतेकांनी सर्वांत मोठ्या त्रिकोणावर खूण केली. काहींनी फिरवलेल्यावर केली, कारण त्याची एक बाजू ‘सरळ वर’ गेलेली दिसत होती. तिन्ही सारखेच आहेत असं म्हणणारी मुलं मोजकीच निघाली. बाजू लांब म्हणजे कोन मोठा, हा समज या वयात चांगलाच मुरलेला असतो. कोनमापकाने कोन मोजता येणारी मुलंही याला अपवाद नव्हती.

नववीतल्या तक्रारीचं मूळ इथे आहे. त्रिकोण लहान असो की मोठा, कोन तोच असेल तर दोन बाजूंचं गुणोत्तर तेच राहतं. त्रिकोणमितीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे आणि नववीत ती दोन ओळींत उरकली जाते. मग ‘साइन ३० बरोबर एक छेद दोन’ हे मुलांच्या लेखी मोबाइल नंबरासारखं होतं: पाठ असतं, अर्थ काही नसतो.

कोणते मार्ग होते

नववीचा धडाच आठवीत घ्यावा, ही पहिली सूचना. वेळ वाचला असता, पण मुलांच्या डोक्यात जे नाही तेच पुन्हा गृहीत धरलं असतं. ती लगेच बाजूला पडली.

वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवर जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर उघडून त्रिकोण ओढून-ताणून दाखवायचा, हा दुसरा पर्याय. दिसायला छान असतं. पण पडद्यावर गुणोत्तर स्थिर राहिलं तर मुलांना त्यात आश्चर्य वाटत नाही, कारण पडद्यावर काहीही होऊ शकतं हे त्यांना माहीत आहे. स्वतः पट्टी लावून भागाकार केला आणि शेजारच्या गटाचं उत्तरही तेच आलं, तर भुवया वर जातात. म्हणून जिओजेब्रा शेवटच्या तासिकेसाठी राखून ठेवलं.

तिसरा मार्ग सावलीचा. काठीची उंची आणि तिची सावली, खांबाची उंची आणि त्याची सावली. कोन मोजायचीच गरज नाही. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर माध्यान्ही सूर्य ४९ अंशांवर येतो आणि एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ८७ सेंटीमीटर पडते. ही माध्यान्ह घड्याळात बाराला नसते. भारतीय वेळ ज्यावरून ठरते त्या ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताच्या शहर बरंच पश्चिमेला असल्याने ती तेव्हा १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास येते. अडचण दुसरीच होती. सूर्य बिंदू नाही, त्याची थाळी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे खांबाच्या टोकाची सावली धूसर पडते. आठ मीटरच्या खांबासाठी तो धूसर पट्टा सहज दहा-बारा सेंटीमीटरचा होतो आणि सावलीचं टोक नेमकं कुठे, यावरच गटांत भांडणं लागतात. शिवाय आठवी सकाळच्या सत्रात, आणि सकाळी सावली कुंपणाच्या भिंतीवर चढलेली. मार्ग चांगला आहे, पण या शाळेच्या वेळेत बसत नव्हता.

चौथा मार्ग म्हणजे पहिल्याच दिवशी उन्नतमापी, म्हणजे उंच टोकाकडे रोखून कोन मोजायचं साधन, बनवून मैदानावर जायचं. मुलांना सर्वांत जास्त आवडेल असा हाच होता आणि सरांचा कल तिकडेच होता. बाईंनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की कोन मोजल्यावर तक्ता लागतो. तक्ता आपण देणार, मुलं त्यातला आकडा उचलून गुणाकार करणार आणि उंची मिळाली म्हणून टाळ्या वाजवणार. तक्त्यातला आकडा आला कुठून हे कोणी विचारणारही नाही.

निर्णय झाला तो असा: चढापासून सुरुवात, मग तक्ता मुलांनी स्वतः काढायचा, मग नाव, आणि त्यानंतरच मैदान. गुणोत्तर एकच घ्यायचं, टॅन. साइन आणि कोसाइनला हात लावायचा नाही. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. तिन्ही गुणोत्तरं एका दिवसात आली की मुलांचं सगळं लक्ष कोणती बाजू वर नि कोणती खाली यातच अडकतं.

काय केलं

रॅम्प आणि जिना

पहिल्या दोन तासिका वर्गाबाहेर गेल्या. शाळेच्या दारात व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे. त्याच्या कडेने टेप सपाट फरशीवर टाकून आडवं अंतर घेतलं, वरच्या कडेपासून ओळंबा सोडून चढ मोजला. चढ ४५ सेंटीमीटर, आडवं अंतर ३.६ मीटर. भागाकार ०.१२५. मग जिन्याची पायरी: १५ सेंटीमीटर उंच, ३० सेंटीमीटर रुंद, भागाकार ०.५. वर्गाने या भागाकाराला ‘चढांक’ म्हणायचं ठरवलं.

सरांनी सांगितलं की रॅम्पचा प्रचलित निकष १२ ला १ असा असतो, म्हणजे चढांक सुमारे ०.०८३. शाळेचा रॅम्प ८ ला १ निघाला. निकषात बसवायचा तर तेवढ्याच चढासाठी आडवं अंतर ५.४ मीटर हवं. व्हीलचेअर ढकलताना दम का लागतो याचं उत्तर आकड्यात मिळालं. या एका आकड्याने मुलांना जेवढं गुंतवलं तेवढं नंतर उन्नतमापीनेही गुंतवलं नाही, आणि खर्च शून्य.

इथेच एक फाटा फुटला. एका गटाने आडव्या अंतराऐवजी रॅम्पची तिरकस लांबी मोजली, कारण टेप तशी टाकणं सोपं जातं. ती ३.६३ मीटर भरली आणि भागाकार जवळपास तोच आला, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच गटाने जिन्यालाही तसंच केलं तेव्हा ०.५ ऐवजी ०.४५ आलं. चूक म्हणून खोडून टाकणं सोपं होतं. सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात ‘चढ भागिले तिरकस लांबी’ असं लिहून त्याभोवती चौकट केली आणि ‘हे नंतर’ म्हणून सोडून दिलं. नववीत साइन शिकवताना बाईंना ही चौकट उपयोगी पडली.

तक्ता

तिसरी आणि चौथी तासिका आलेख कागदावर. पाया १० सेंटीमीटर ठेवायचा, एका टोकाला १०, २०, ३० असे कोन काढायचे, दुसऱ्या टोकाला लंब उभारायचा आणि तिरकी रेघ लंबाला किती उंचीवर छेदते ते वाचायचं. पाया १० असल्याने भागाकारासाठी फक्त दशांशचिन्ह सरकवावं लागतं.

काढण्याआधी अंदाज लिहायचा, ही बाईंची अट होती. १० अंशांना १.८ आणि २० अंशांना ३.६ सेंटीमीटर आल्यावर सगळ्यांनी ६० अंशांसाठी १०.८ किंवा ११ लिहिलं. ‘चलन’ नुकतंच झालेलं, त्रैराशिक हाताशी. ३० ला ५.८ आलं तेव्हा अंदाजापेक्षा थोडं जास्त झालं, पण पेन्सिल जाड होती म्हणून निभावलं. ४० ला ८.४. ५० ला ११.९. आता कुजबुज सुरू झाली. ६० ला १७.३ येऊन रेघ कागदाच्या वरच्या काठाला जाऊन टेकली.

७० अंशांवर एकदमच आवाज आले: “सर, कागद पुरंना की!”

रेघ २७.५ सेंटीमीटरवर लंबाला भेटणार होती आणि आलेख कागद त्याच्या आधीच संपत होता. सरांपुढे दोन वाटा होत्या. दुसरा कागद चिकटवून द्यायचा किंवा गप्प राहायचं. ते गप्प राहिले. दोन-तीन मिनिटांनी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “पाया निम्मा घेतला तर चालंल का, सर?”

“तुला काय वाटतं?”

“उंची पण निम्मी होईल. मग भागाकार तेवढाच.”

“खात्री काय?”

तिने ७० सोडून आधी ३० अंश घेतले, पाया ५ सेंटीमीटर धरला, उंची मोजली: २.९. भागाकार ०.५८, आधीच्या ५.८ भागिले १० एवढाच. मग अख्ख्या वर्गाने कोणताही एक जुना कोन घेऊन पाया बदलून पाहिला. पहिल्या दिवशीच्या पानावर जे बहुतेकांचं चुकलं होतं, ते इथे गरज म्हणून आलं. समरूपता हा शब्द कोणी उच्चारला नाही. ७० अंश ५ सेंटीमीटर पायावर काढले, उंची १३.७, चढांक २.७५ च्या आसपास. ८० अंश २ सेंटीमीटर पायावर, उंची ११.३, चढांक ५.७ च्या आसपास.

८० अंशांचे आकडे गटागटांत फार वेगळे निघाले, ५.१ पासून ६.३ पर्यंत. याचं कारण सांगण्याजोगं आहे. कोनमापकाने एका अंशाची चूक सहज होते. २० अंशांजवळ एका अंशाने चढांक ०.०२ ने हलतो. ८० अंशांजवळ तोच एक अंश चढांक ०.५ हून अधिकने हलवतो. मुलांच्या हातात दोष नव्हता. कोन ९० कडे सरकतो तसा तक्ताच चंचल होत जातो. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहून मधला आकडा तक्त्यात घेतला, आणि तोच वर्गाचा तक्ता झाला.

‘दुप्पट कोन, दुप्पट चढांक’ हा समज मोडला तोही इथेच. २० ला ०.३६, ४० ला ०.८४, ८० ला ५.७. समचलन नाही, हे मुलांनी आपल्याच वहीत पाहिलं.

पाचवी तासिका नावाची. या चढांकाला जगात टॅन म्हणतात, एवढं सांगून झालं. बाजूंना आधी ‘कोनासमोरची’ आणि ‘कोनाला लागून असलेली’ म्हटलं आणि पुस्तकातले संमुख बाजू, लगतची बाजू हे शब्द शेजारी लिहिले. तक्ता पडताळायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढला तेव्हा एकाच्या फोनवर टॅन ३० बरोबर उणे ६.४ आलं. फोन अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर होता. वर्गातल्या तक्त्यात ०.५८ लिहिलेलं असल्यामुळे मुलांनी फोनलाच चूक ठरवलं. आपण केलेल्या तक्त्यावर एवढा भरवसा बसतो, हाही त्या दोन तासिकांचा फायदा.

उन्नतमापी

सहाव्या तासिकेत प्रत्येक गटाने एक उन्नतमापी बनवला. साहित्य: कंपासपेटीतला कोनमापक, ज्यूसची सरळ नळी, ३० सेंटीमीटर दोरा, एक लोखंडी नट आणि चिकटपट्टी. नळी कोनमापकाच्या सरळ कडेला चिकटवायची, कमान खाली ठेवायची, दोरा मध्यबिंदूतून सोडून त्याला नट बांधायचा. नळीतून टोक पाहायचं, जोडीदाराने दोरा कोणत्या अंशावर आहे ते वाचायचं, आणि ९० मधून वजा करायचं. नट हलका असेल तर दोरा वाऱ्याने डुलतो, म्हणून निदान १५-२० ग्रॅमचा घ्यावा. दोरा कोनमापकाला घासत असेल तर अडकून राहतो. वाचण्याआधी यंत्र बाहेरच्या बाजूला किंचित कलतं करून दोरा मोकळा सोडायचा, स्थिर झाला की बोटाने दाबायचा आणि मग वाचायचं.

मैदान

डिसेंबरात मैदानावर स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. मैदानाची तासिका एकदा पुढे ढकलावी लागली आणि दुसऱ्यांदा मिळाली तीही मंडपाच्या खांबांच्या अधूनमधून. झेंड्याचा खांब मोजायचा ठरला, कारण त्याची खरी उंची थेट मोजता येते. शिपाईमामांनी झेंड्याच्या जागी टेपचं टोक दोरीला बांधून कप्पीपर्यंत ओढलं: ओट्यापासून ७.२ मीटर. ओटा ६० सेंटीमीटर. म्हणजे जमिनीपासून कप्पी ७.८ मीटरवर. हा आकडा शिपाईमामा आणि सर, दोघांनाच माहीत.

सरांनी खांबाच्या मध्यापासून १० मीटरवर खडूने रेघ आखून ठेवली होती. ओट्याच्या कडेपासून मोजलं असतं तर प्रत्येकाचं अंतर मीटरभर चुकलं असतं. गट अकरा. प्रत्येकाने कोन घ्यायचा, टॅन तक्त्यातून काढायचा (मधल्या कोनासाठी फोन चालेल), १० ने गुणायचं आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मिळवायची. ती मुलांची साधारण १.४ मीटर.

वर्गात परत आल्यावर उत्तरं फळ्यावर मांडली. ती विखुरलेली नव्हती, ढीग पडले होते. चार गटांचं उत्तर ७.८ च्या आसपास. चार गटांचं ७.१ च्या आसपास. दोघांचं ६.४. एका गटाचं ५.७.

सर खरा आकडा सांगून मोकळे होऊ शकले असते. ‘चौघांचं बरोबर, बाकीच्यांनी काळजी घ्या’ असं म्हणून तासिका संपली असती. त्यांनी आकडा दिला नाही. फक्त एवढंच विचारलं: चुका वाऱ्याने झाल्या असत्या तर आकडे इकडे-तिकडे पसरले असते, हे असे ढीग का पडलेत?

६.४ चा उलगडा लगेच झाला. ७.८ वजा ६.४ बरोबर १.४. डोळ्याची उंची मिळवायची राहिली होती. ७.१ वर मात्र बराच वेळ गेला. आधी वाऱ्यावर, मग उंच मुलांवर, मग खडूच्या रेघेवर संशय. शेवटी एका गटाने दोन्ही ढिगांतले उन्नतमापी शेजारी धरून खिडकीतून एकाच टाकीकडे रोखले. दोन्हींच्या वाचनात तीन अंशांचा फरक. यंत्रं उलटून पाहिल्यावर कळलं: कंपासपेटीतल्या कोनमापकाची शून्य-१८० ची रेघ सरळ कडेवर नसते, कडेपासून काही मिलिमीटर आत असते. ज्यांनी दोरा कडेला चिकटवला त्यांचा लोंबता बिंदू मध्याच्या ५ मिलिमीटर वर गेला होता. कमानीची त्रिज्या ५ सेंटीमीटर असेल तर ३०-३२ अंशांच्या कोनाला यामुळे सुमारे ३ अंश कमी दिसतात. खरा कोन ३२.६, वाचला २९.५. टॅन ०.६४ ऐवजी ०.५७. गुणिले १०, अधिक १.४: सात मीटरच्या थोडं वर. ५.७ वाल्या गटाने दोन्ही गोष्टी केल्या होत्या, हे मुलांनी वजाबाकी करूनच सांगितलं.

ओट्याच्या कडेपासून मोजलं असतं तर उत्तर ७.२ च्या आसपास आलं असतं आणि ७.१ च्या ढिगात बेमालूम मिसळून गेलं असतं. खडूच्या एका रेघेने हा तपास सुटण्याजोगा ठेवला.

शेवटची तासिका: चिमणी

सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडण्यात आली. शहरभर गाजलेला विषय. पाडतानाचा व्हिडिओ न पाहिलेलं मूल वर्गात नव्हतं. वादाची बाजू वर्गात आणली नाही, फक्त एक प्रश्न घेतला. उतरणारं प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं. धावपट्टीवर टेकायच्या जागेपासून १ किलोमीटर अलीकडे ते किती उंचीवर असेल?

वर्गाच्या तक्त्यात ३ अंश नव्हते, १० पासून सुरुवात होती. त्रैराशिक चालणार नाही हे नुकतंच शिकलेल्या वर्गाने ते वापरायला चक्क नकार दिला. सरांनी वापरायला लावलं: १० ला ०.१७६, तर ३ ला ०.०५३. फोनवर ०.०५२. लहान कोनांना त्रैराशिक जवळपास चालतं, मोठ्यांना नाही, आणि १० ते २० च्या तक्त्यातही ते दिसत होतंच. विमान ५२ मीटरवर, दोन किलोमीटरवर १०५. एवढ्या उंचीच्या आसपासची कुठलीही वस्तू वाटेत का खुपते, ते मुलांना चित्र काढून सांगता आलं. उरलेल्या दहा मिनिटांत जिओजेब्रावर तोच त्रिकोण पळवला. आता पडद्यावरचा आकडा ओळखीचा होता.

निष्पत्ती

पुढच्या जूनमध्ये हीच तुकडी नववीत गेल्यावर बाईंनी तेच तीन त्रिकोणांचं पान पुन्हा दिलं. सारखा चढ ओळखणारी मुलं आता वर्गात जास्त होती, उरलेली मोजकी. फिरवलेल्या त्रिकोणात मुलं आधी कोनावर बोट ठेवून मग समोरची बाजू शोधत होती, हा बदल बाईंना सर्वांत मोलाचा वाटला. धडा सुरू झाल्यावर ‘टॅन म्हणजे चढ’ हे सांगावं लागलं नाही.

फायदा झाला नाही अशाही जागा आहेत. साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल पूर्वीसारखीच होत राहिली. ज्या गटाने तिरकस लांबी मोजली होती तोच काय तो अपवाद. नित्य समीकरणं, म्हणजे साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक वगैरे, यांना चढाच्या अनुभवाचा काहीही उपयोग झाला नाही, आणि होईल अशी अपेक्षाही चुकीची होती. मैदानाच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांना ढिगांचा तपास नुसता ऐकून समजला नाही.

पुन्हा करताना

उन्नतमापी मैदानावर नेण्याआधी त्याची पारख करावी, असं पहिल्यांदा सुचतं. भिंतीवर ज्ञात उंचीची खूण करून प्रत्येक यंत्र तपासलं असतं तर ७.१ चा ढीग पडलाच नसता. पण मग तपासही झाला नसता, आणि सर्वांत जास्त गणित त्या तासिकेत झालं. आमचं मत असं: पारख आधी करू नये, मैदानासाठी सलग दोन तासिका घ्याव्यात. या वेळी ढिगांचा तपास ३५ मिनिटांत कोंबावा लागला आणि यंत्रं दुरुस्त करून पुन्हा मोजायचं राहूनच गेलं. दुरुस्ती सोपी आहे: तापवलेल्या सुईने मध्यबिंदूत भोक पाडायचं (हे शिक्षकांनीच करावं), किंवा कोनमापकाची झेरॉक्स पुठ्ठ्यावर चिकटवून शून्याच्या रेघेवर पुठ्ठा कापायचा.

उभं राहण्याचं अंतर १० मीटर हे सोयीसाठी घेतलं होतं. एका अंशाच्या चुकीने या खांबाची उंची २० मीटरवरून सुमारे ३८ सेंटीमीटर चुकते, १० मीटरवरून २५, आणि ६.४ मीटरवरून २२. त्याहून जवळ गेलं की चूक पुन्हा वाढू लागते. २ मीटरवरून ती ३९ होते. सर्वांत कमी चूक कोन ४५ अंश असताना होते, आणि तिथे टॅन १ असल्याने तक्ताही लागत नाही: अंतर अधिक डोळ्याची उंची, झालं. चौकोनी कागद कर्णावर घडी घालून केलेला ४५ अंशांचा गुण्या पहिल्या तासिकेतच दिला असता तर तक्त्याआधी एक उंची मोजून झाली असती आणि ‘४५ नसेल तर काय?’ हा प्रश्न मुलांकडूनच आला असता. पुढच्या तुकडीसाठी सरांनी हा बदल केला आहे.

तक्ता काढताना सगळे त्रिकोण सरळ, पाया खाली ठेवूनच काढले गेले. फिरवलेले त्रिकोण पाचव्या तासिकेपर्यंत आलेच नाहीत. प्रत्येक गटातल्या एकाने पाया उभा धरून तक्ता काढला असता तर ‘उभी ती संमुख’ ही सवय मुळातच लागली नसती.

वेळापत्रकाचं सांगायचं तर मैदानाची तासिका दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, तालमी सुरू होण्याआधी ठेवावी. त्यासाठी तक्ता दिवाळीआधी व्हायला हवा, आणि तोही ‘चलन’ झाल्यावर. अंदाज चुकण्यासाठी त्रैराशिक ताजं असावं लागतं.